साठीची बुद्धी: ना नाठी, ना शिखरावर

ज्येष्ठांच्या व्हॉट्सअॅप गटांत दर काही महिन्यांनी एक निरोप उगवतो. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात म्हणे आढळलं की माणसाचं सर्वांत उत्पादक वय 60 ते 70, त्याखालोखाल 70 ते 80, आणि 50 ते 60 तिसऱ्या क्रमांकावर. पुरावा काय, तर नोबेल विजेत्यांचं सरासरी वय 62, बड्या कंपन्यांच्या प्रमुखांचं 63, पोपचं 76. तळाशी संदर्भ: न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, खंड 70, पान 389, वर्ष 2018. 'साठी बुद्धी नाठी' ऐकून कंटाळलेल्यांना तो आवडणारच.

आधी संदर्भ पाहू. या नियतकालिकाचे वर्षाला दोन खंड निघतात; 2018चे होते 378 आणि 379. खंड 70 हा 1864चा, अब्राहम लिंकन अध्यक्ष असतानाचा. तेव्हा त्याचं नावही बोस्टन मेडिकल अँड सर्जिकल जर्नल होतं, आताचं नाव 1928मध्ये आलं. संकेतस्थळावर जुन्या अंकांची यादी उघडून वर्ष आणि खंड जुळवायला दोन मिनिटं लागतात. तेवढं केलं की निरोपाचा पायाच निखळतो.

नोबेलचा मुद्दा जास्त फसवा आहे, कारण पारितोषिक घेताना सरासरी वय साठीच्या आसपास असतं हे खोटं नाही. पण ते वय पारितोषिकाचं असतं, कामाचं नसतं. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या, ताऱ्यांच्या वस्तुमान-मर्यादेचं गणित 1930मध्ये इंग्लंडच्या बोटीवर केलं, एकोणिसाव्या वर्षी. नोबेल मिळालं 1983मध्ये, वयाच्या 73व्या वर्षी. सरासरीत 73 मोजले जातात. मधली 53 वर्षं कुठेच दिसत नाहीत. जॉन गुडइनफ यांना 2019मध्ये 97व्या वर्षी नोबेल मिळालं, ते लिथियम बॅटरीवरच्या 1980च्या सुमाराच्या कामासाठी. हे काम मात्र पन्नाशीनंतरचं, म्हणजे उतारवयात काही होत नाही असंही नाही. पण पारितोषिकाच्या तारखेवरून मेंदूचं शिखर काढता येत नाही.

पोप आणि कंपनीप्रमुखांचं उदाहरण तर फुसकंच. फ्रान्सिस 2013मध्ये पोप झाले तेच 76व्या वर्षी. त्या खुर्चीपर्यंतची रांगच लांब असते. हाच न्याय लावला तर पारावर बसणाऱ्यांचं सरासरी वय काढून 'पारावर बसल्याने आयुष्य वाढतं' असंही म्हणता येईल.

मग खरं काय? हार्टशोर्न आणि जर्माइन या संशोधकांनी 2015मध्ये हजारो लोकांच्या चाचण्यांतून दाखवलं की सगळ्या क्षमतांचं एकच शिखर नसतं. माहिती झटपट हाताळण्याचा वेग विशीच्या आतबाहेर सर्वाधिक असतो, शब्दसंपत्ती साठी-सत्तरीपर्यंत वाढत राहते. म्हणून एकाच माणसाला यूपीआयचा पडदा गोंधळात टाकतो आणि सोसायटीच्या भांडणातली गोम मात्र त्यालाच आधी कळते.

'खोटा असला तरी उमेद देतो, बिघडलं काय?' हा शेवटचा बचाव. बिघडतं ते असं: 60 ते 80 हाच बहराचा काळ म्हटला की ज्येष्ठांच्या मंडळातून हळूहळू गळणारा माणूस आळशी किंवा तिरसट ठरतो. बऱ्याचदा कारण कानात असतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या 14 जोखमींत श्रवणदोष आणि एकटेपण दोन्ही आहेत, आणि पहिल्यातून दुसरं सहज ओढवतं.

वयामुळे आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, थ पुसट होतात, स्वर ऐकू येतात. म्हणूनच तक्रार असते, 'ऐकू येतं, पण कळत नाही.' ओरडून बोललं तर स्वरच मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात. सावकाश आणि समोरून बोलावं, उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर असावा. पत्र्याच्या सभागृहात पंखे फुल्ल असले आणि खुर्च्या ओळीत मांडल्या असतील तर मागच्या रांगेतल्याचा दिवस वाया गेलाच. गोलात बसा, दहा-बारा जणांहून जास्त नको, एका वेळी एकानेच बोलावं.

तपासणीला गेलात तर आधी कानातला मळ पाहून घ्या, मग श्रवणचाचणी. श्रवणयंत्र घेतलं की पहिल्याच दिवशी लग्नाच्या हॉलमध्ये लावून जाऊ नका. भांड्यांचा खणखणाट असह्य होतो आणि यंत्र कायमचं खणात जातं. सुरुवातीला घरात, एकाच माणसाशी बोलताना, रोज तास-दोन तास. मग वेळ वाढवावी. सवय व्हायला काही आठवडे सहज लागतात.

आणि गटात विनोदावर सगळ्यांच्या नंतर हसणारा सभासद कोण आहे, ते पाहा. त्याला हा निरोप पुढे पाठवण्याऐवजी त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसा.