सातपुड्यातील भोंग्याच्या छायाचित्राबाबत खुलासा

‘सरदार सरोवरात जमीन गेलेल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासींनी सरकारला हाक मारण्यासाठी बनवलेला भोंगा’ अशा मजकुरासह एका प्रचंड लाकडी भोंग्याचे छायाचित्र सध्या खान्देशात फिरत आहे. हा मजकूर चुकीचा आहे.

तो भोंगा कॅनडातील अनिशिनाबे समाजाच्या कलावंत रेबेका बेलमोर यांनी १९९१ साली घडवला. त्याआधीच्या वर्षी क्वेबेकमधील ओका येथे मोहॉक या मूळनिवासी लोकांच्या पाइनवनावर आणि दफनभूमीवर गोल्फचे मैदान वाढवण्याचा घाट घातला गेला होता व त्याविरुद्धचा संघर्ष ७८ दिवस चालला होता. त्याला उत्तर म्हणून ही कलाकृती आली. मूळनिवासी माणसे एकेक करून पुढे येतात आणि त्या भोंग्यातून थेट भूमीशी, म्हणजे आपल्या आईशी बोलतात. सरकारला हाक मारणे हा तिचा मूळ हेतू नाही, आणि मला वाटते, हाच तिचा गाभा या मजकुराने पुसून टाकला आहे.

आपल्याकडील दुःख मात्र खोटे नाही. सरदार सरोवराच्या बुडिताची झळ महाराष्ट्रातील ३३ गावांना बसली आणि १९९९ साली डोमखेडीत माणसे चढत्या पाण्यात प्रत्यक्ष उभी राहिली. तो सत्याग्रह होता, कलाप्रयोग नव्हे. त्याची छायाचित्रे उपलब्ध असताना दुसऱ्यांच्या लढ्याचे चित्र आपल्या नावावर लावणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. ज्यांनी हा मजकूर पुढे पाठवला असेल, त्यांनी कृपया ही दुरुस्तीही त्याच लोकांपर्यंत पोहोचवावी.