मुंबईतलं 'नंबर वन' रेडिओ स्टेशन कुठलं? आधी फूटपट्टी दाखवा

या शहरात एकाच वेळी दोन रेडिओ स्टेशनं स्वतःला 'नंबर वन' म्हणवून घेऊ शकतात आणि दोघंही खरं बोलत असतात. हे कसं होतं ते कळलं, तर मुंबईत कोण काय ऐकतं याबद्दल जे छातीठोकपणे सांगितलं जातं त्यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं, हेही कळतं.

माझं मत आधीच सांगतो. मुंबईच्या रेडिओचे आकडे दर दहा-पंधरा वर्षांनी उलटेपालटे झाले. त्यात लोकांची आवड बदलली हे कारण होतंच, पण मोजायची पद्धत बदलली हे कारण त्याहून मोठं होतं. आणि खासगी एफएम मोजायला जी जी पद्धत आली, तिच्यात मराठी श्रोता कमी दिसला.

सुरुवातीला मोजायला होतं काय, तर लायसन. घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढून दरवर्षी पैसे भरावे लागत. ऐंशीच्या दशकात तो रद्द झाला. त्या नोंदींवरून शहरात संच किती हे कळायचं (बिनपरवान्याचे सोडून), पण त्या संचावर कोण काय लावतं याचा पत्ता नसायचा. तो अंदाज यायचा पोस्टकार्डांवरून. 1952 पासून रेडिओ सिलोनवर गाजलेल्या 'बिनाका गीतमाला'ची क्रमवारी रेकॉर्डच्या विक्रीवर आणि श्रोत्यांच्या पत्रांवर ठरायची. पत्रांत गोम अशी, की लिहिणारा आणि ऐकणारा हे दोन वेगळे लोक असतात. गावोगावचे श्रोतासंघ गठ्ठ्याने कार्डं टाकत. गिरणीत पाळी करून आलेला माणूस आकाशवाणीवरची 'कामगार सभा' रोज ऐकेल, पण कार्ड लिहायला बसेलच असं नाही. तरी त्या काळात एक बरं होतं. कार्ड मराठीत आलं तर ते मराठी श्रोत्याचंच आहे हे दिसायचं.

1 नोव्हेंबर 1967 ला मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. तरीही आठवड्याच्या रेटिंगची गरज कुणाला भासली नाही, कारण तुलना करायला शहरात जाहिराती घेणारं दुसरं स्टेशनच नव्हतं. आकाशवाणीचा स्वतःचा श्रोता संशोधन विभाग होता, त्याची माणसं घरोघरी प्रश्नावली घेऊन फिरत. पण ते काम कार्यक्रम सुधारण्यासाठी होतं, बाजारात भाव ठरवण्यासाठी नव्हतं.

भाव ठरवायची वेळ आली ती खासगी स्टेशनांमुळे. 1993 ते 1998 या काळात आकाशवाणीने एफएमवरचे तास खासगी कंपन्यांना विकले. मग 1999 च्या धोरणानुसार फ्रीक्वेन्सींचा लिलाव झाला आणि 2002 मध्ये मुंबईत खासगी स्टेशनं लागोपाठ सुरू झाली. या लिलावाची एक अट पुढच्या सगळ्याच्या मुळाशी आहे. मुंबईच्या एका फ्रीक्वेन्सीची बोली वर्षाला 9.75 कोटींवर गेली आणि ही फी दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढणार होती, कमाई होवो न होवो. एवढा खर्च डोक्यावर असताना कुठलाही मालक छोटा, निष्ठावान श्रोतृवर्ग धरून बसत नाही. जवळपास सगळ्यांनी एकाच सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाकडे धाव घेतली: ताजी हिंदी फिल्मी गाणी. फ्रीक्वेन्सी वेगळी, आरजे वेगळा, गाण्यांची यादी जवळपास तीच. पुढच्या टप्प्यात, 2005 नंतर, वाढती फी जाऊन एकरकमी प्रवेश शुल्क आणि उत्पन्नाच्या 4 टक्के वाटा अशी पद्धत आली. तोवर साचा पक्का झाला होता.

सुरुवातीच्या त्या वर्षांत मोजमाप आठवणीवर चाले. माणूस दारात येऊन विचारतो, 'काल रेडिओ ऐकला का? कुठलं स्टेशन?' यात पहिलं उत्तर येतं ते सगळ्यांत ठसठशीत नावाचं. काल टॅक्सीत तासभर कुठलं स्टेशन वाजत होतं हे मागे बसलेल्याला ठाऊक नसतं, मग तो होर्डिंगवर रोज दिसणारं नाव सांगतो. आकडे तर जवळजवळ सारखेच: 91.1, 92.7, 93.5, 94.3. त्यामुळे आठवणीच्या पद्धतीत रेटिंग वाढवायचा सरळ उपाय म्हणजे बसच्या मागे आणि स्टेशनच्या पुलावर जाहिरात लावणं. कार्यक्रम तोच, पण आकडा वर.

2007 मध्ये टीव्हीचं रेटिंग मोजणाऱ्या टॅम मीडिया रिसर्च कंपनीने रेडिओचे श्रोते मोजणारं 'रॅम' आणलं आणि आठवणीची जागा डायरीने घेतली. निवडलेल्या घरातल्या एका माणसाला एक वही द्यायची. दिवसाला एक पान, पानावर पंधरा-पंधरा मिनिटांच्या ओळी, प्रत्येक ओळीत कुठलं स्टेशन आणि कुठे ऐकलं (घरी, गाडीत, कामावर) त्याची खूण. आठवड्याने वही गोळा करायची आणि शहराच्या लोकसंख्येच्या प्रमाणात आकडे वाढवायचे. आठवणीपेक्षा हे नक्कीच चांगलं होतं. पण डायरीचेही ठरलेले रोग आहेत, जगभर तेच. पहिला रोग म्हणजे वही रोज भरलीच जात नाही. वही न्यायला माणूस येणार त्याच्या आदल्या रात्री सात दिवसांच्या खुणा एका बैठकीत होतात, आणि मग सोमवार ते शुक्रवार एकाच छापाचे दिसतात. दुसरा, खूण सलग ओढली जाते. सकाळी आठ ते दहा रेडिओ चालू होता एवढं आठवतं, मधे तीनदा स्टेशन बदललं ते नाही. तिसरा रोग मुंबईत जास्त जाणवतो: वही घरी असते आणि ऐकणं घराबाहेर. रिक्षावाला, सलूनवाला, शिलाईच्या दुकानातला कारागीर दिवसाला आठ-दहा तास ऐकतो, पण सर्व्हेवाला दार वाजवतो तेव्हा तो घरी नसतो. टॉवरच्या सोसायट्यांत तर वॉचमन खालूनच परत पाठवतो. मग ज्यांच्या दारापर्यंत पोचता येतं, त्यांच्या कानांवरून सगळ्या शहराचा हिशेब होतो.

आता 'नंबर वन'चं गणित. यात दोन आकडे असतात. रीच म्हणजे आठवड्यातून एकदा तरी किती लोकांनी ऐकलं, आणि टाइम स्पेंट म्हणजे त्यातल्या प्रत्येकाने सरासरी किती वेळ ऐकलं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या स्टेशनचे एकूण ऐकलेले तास, आणि सगळ्या स्टेशनांच्या मिळून तासांतला त्याचा वाटा म्हणजे शेअर. समजा एका स्टेशनचा रीच 40 लाख आणि टाइम स्पेंट 3 तास. दुसऱ्याचा रीच 15 लाख, पण टाइम स्पेंट 9 तास. पहिल्याचे झाले 120 लाख तास, दुसऱ्याचे 135 लाख. पहिलं स्टेशन रीचमध्ये नंबर वन, दुसरं शेअरमध्ये. त्यात वयोगट आणि वेळ टाकली ('सकाळी सात ते अकरा, 25 ते 34 वर्षं, पुरुष') की तिसऱ्यालाही कुठेतरी पहिला नंबर मिळतोच.

आणि हे सगळं किती लोकांवर? प्रत्येक शहरात काहीशे. समजा 500 धरले आणि 20 टक्के लोक एखादं स्टेशन ऐकतात असं निघालं. नमुन्याच्या गणिताने खरा आकडा 16.5 ते 23.5 यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. त्यातल्या एखाद्या गटात 80 जणच असले, तर तोच 20 टक्क्यांचा आकडा 11 पासून 29 पर्यंत कुठेही बसतो. आणि जाहिरात एजन्सीच्या मीटिंगमध्ये या आठवड्यात अर्ध्या टक्क्याने घसरलात म्हणून दहा सेकंदांच्या जाहिरातीचा भाव पाडून मागितला जायचा! 500 मधला अर्धा टक्का म्हणजे दोन-तीन जणांनी वही नीट भरली की नाही एवढाच फरक.

पंधरा मिनिटांच्या ओळीचा कार्यक्रमांवर काय परिणाम होतो ते जवळून बघण्यासारखं आहे. डायरी जिथे मुरली त्या अमेरिकेत श्रोते मोजणाऱ्या आर्बिट्रॉन कंपनीचा नियम असा होता, की पंधरा मिनिटांतली पाच मिनिटं ऐकलं तर अख्खा चतकोर तास त्या स्टेशनच्या नावावर. म्हणजे श्रोत्याला 8:10 पासून 8:20 पर्यंत धरून ठेवलं, तर दहा मिनिटांच्या ऐकण्यावर दोन चतकोर पदरात पडतात. 8:15 ला जाहिराती लावल्या तर तो उठून जातो आणि दुसरा चतकोर बुडतो. म्हणून हे गणित मांडणारे प्रोग्रॅमिंगवाले चतकोराच्या सांध्यावर ब्रेक टाकत नाहीत. तिथे हिट गाणं असतं, आणि आरजे बरोबर 8:12 च्या सुमाराला 'थांबा, पुढे सांगतो' म्हणतो. अशा आखणीत बारा मिनिटांची मुलाखत, नाट्यसंगीताचं लांब पद, एखाद्या डॉक्टरशी शांतपणे केलेली बातचीत यांना जागाच उरत नाही. ते कुणी ऐकत नाही म्हणून गेलं असं म्हणतात. ते ओळीत बसत नव्हतं म्हणून गेलं.

आता मराठीकडे येतो. 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे 44 लाख होते आणि हिंदी सांगणारे जवळपास 36 लाख. शहरातला सर्वांत मोठा भाषिक गट मराठी, आणि खासगी एफएमचा पट्टा जवळजवळ सगळा हिंदी. सेल्सवाल्यांचं यावरचं उत्तर ठरलेलं: 'मराठी माणूस हिंदी गाणी ऐकतोच की.' ऐकतो, नाकारत नाही. पण सगळ्या स्टेशनांवर हिंदी गाणीच लावायची, मग त्या स्टेशनांतून निवडायला सांगायचं आणि निकाल बघून म्हणायचं की मराठीला मागणी नाही. हा कुठला सर्व्हे? जे दुकानात ठेवलंच नाही त्याचा खप शून्यच येणार.

मराठी होतं ते मिडियम वेव्हवर. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी, 558 किलोहर्ट्झ. 'आपली आवड', 'वनिता मंडळ', बातम्या, नाटकं. ही वाहिनी लोकांनी सोडली असं सर्रास म्हटलं जातं, पण ती लागते कुठे हे कुणी विचारत नाही. मिडियम वेव्हचा अँटेना संचाच्या पोटात असतो, फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली तार. त्याला दिशा लागते, संच वळवून बघावा लागतो, खिडकीशी न्यावा लागतो. सिमेंट-सळईच्या इमारतीत आतल्या खोलीपर्यंत सिग्नल क्षीण होतो. त्यात एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, लिफ्टची मोटर, लोकलची ओव्हरहेड वायर, सगळं खरखर ओततं. आणि मोबाइलमध्ये जो रेडिओ आला तो फक्त एफएम, इयरफोनची वायर हाच अँटेना. म्हणजे नव्या पिढीच्या हातात जे यंत्र आलं त्यात 558 लावायची सोयच नव्हती. पुढे कंपन्यांनी फोनमधून तो एफएमही काढायला सुरुवात केली. अखेर एप्रिल 2023 मध्ये केंद्र सरकारला सूचनापत्र काढून सांगावं लागलं, की फोनमधला एफएम बंद ठेवू नका.

मागणी नव्हती का, याचं उत्तर वेगळ्याच ठिकाणी मिळालं. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने आकाशवाणीची केंद्रं 'न्यूजऑनएअर' अॅपवर टाकली आणि लाइव्ह ऐकणाऱ्यांची क्रमवारी जाहीर करायला सुरुवात केली. तिथे पुणे शहर वारंवार अगदी वर आणि आकाशवाणी पुणे हे केंद्रही देशातल्या पहिल्या दहांत. तिथे डायरी नाही, आठवण नाही. सर्व्हरवर प्रत्येक जोडणीची नोंद होते. अडथळा काढला तर मराठी ऐकणारा लगेच दिसला. अॅपचे आकडेही सोवळे नाहीत. चालू करून विसरलेला फोन तासन्तास 'श्रोता' म्हणून मोजला जातो, आणि एका फोनभोवती चारजण बसले तरी नोंद एकच. पण निदान ते जाहीर तरी केले गेले.

बाकी अवस्था वाईट आहे. वर्तमानपत्रांचे वाचक मोजणाऱ्या इंडियन रीडरशिप सर्व्हेत रेडिओचेही आकडे मिळायचे. 2019 च्या शेवटच्या तिमाहीनंतर तो वर्षानुवर्षं आला नाही. आज जो तो स्वतः पैसे देऊन करून घेतलेला सर्व्हे दाखवतो आणि त्यात पैसे देणाराच पहिला येतो. माझं स्पष्ट म्हणणं आहे की मोजमाप सार्वजनिक हवं. खर्च स्टेशनांनी आणि प्रसार भारतीने मिळून करावा, आकाशवाणीची सगळी केंद्रं, मिडियम वेव्हसकट, त्यात हवीत, नमुना ठाणे, वसई-विरार आणि नवी मुंबईपर्यंत पसरलेला हवा, घरातली भाषा कुठली हा रकाना हवा, आणि निकालाबरोबर आकडा किती इकडे-तिकडे चुकू शकतो तेही छापलेलं हवं. फ्रीक्वेन्सी ही जनतेची मालमत्ता आहे, तिच्यावर काय ऐकलं जातं हे जनतेला कळायलाच हवं.

ते होईपर्यंत, दादरचा साडीवाला असो की डोंबिवलीचा क्लासवाला, जाहिरात देणाऱ्याने सेल्सच्या माणसाला काही गोष्टी थेट विचाराव्यात. हा नंबर वन रीचचा की शेअरचा? सर्व्हेचे पैसे कुणी दिले? माझ्या गिऱ्हाइकाच्या वयोगटात नेमकी किती माणसं विचारली? शंभरच्या खाली असतील तर तो आकडा बाजूला ठेवा. एका आठवड्याचा तक्ता घेऊ नका, निदान आठ आठवड्यांची सरासरी मागा. स्पॉट, म्हणजे तुमची जाहिरात, किती वाजून किती मिनिटांनी वाजला याचा लॉग बिलासोबत घ्या, आणि ब्रेकमध्ये तो पहिला होता की सहावा तेही बघा, कारण सहाव्यापर्यंत काही गिऱ्हाईक उठून गेलेलं असू शकतं. जाहिरातीत एक वेगळा मोबाइल नंबर द्या, फक्त त्या स्टेशनसाठी, आणि पंधरा दिवस त्यावर आलेले फोन वहीत लिहा. फोन करणारा मराठीत बोलला की हिंदीत, तोही एक रकाना ठेवा.