चोथा स्वस्त, पण वाळवणार कोण?

बिअर गाळून उरलेला जवाचा चोथा आणि वर एन्झाइम (पचनाला मदत करणारं प्रथिन) घातलं, की कोंबडीखाद्याचा खर्च आटोक्यात, असं एका लेखात म्हटलंय. अर्धं पटलं. चोथ्यात कोरड्या वजनावर साधारण २० ते ३० टक्के प्रथिनं असतात, हे खरं. पण ओल्या चोथ्यात पाऊण हिस्सा पाणीच! म्हणजे आपण वाहतो ते मुख्यतः पाणी. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत त्याला आंबूस वास येतो, मग बुरशी. आमच्या ढिगाचा वरचा थर कोरडा दिसत होता, हात आत घातला तर गरम आणि चिकट. तो ढीग सरळ खतात गेला. बुरशीचं विष अशा पचनाच्या एन्झाइमने जात नाही, हे कुणी सांगत नाही.

दुसरं, 'एन्झाइम' म्हणजे नेमकं कोणतं? जवातलं स्टार्च आणि बरंचसं बीटा-ग्लुकन (एक चिकट तंतुमय घटक) बिअर बनतानाच निघून जातं. मागे राहतात अरॅबिनोझायलन, सेल्युलोज, लिग्निन, म्हणजे कोंबडीला नीट न पचणारे तंतू. तिथे झायलनेज, म्हणजे अरॅबिनोझायलन तोडणारं एन्झाइम, थोडंफार काम करतं, लिग्निनपुढे त्याचंही काही चालत नाही. फायटेज या दुसऱ्या एन्झाइमचं काम वेगळं, ते धान्यात अडकलेला फॉस्फरस मोकळा करतं. त्यात पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) करताना खाद्य ८०-८५ अंशांपर्यंत तापलं तर साधं, आवरण नसलेलं एन्झाइम बरंचसं तिथेच मरतं. पैसे मात्र पूर्ण मोजलेले असतात.

अंड्यावरच्या कोंबड्यांना थोडा चोथा चालतो. ब्रॉयलरच्या पिल्लांना, निदान पहिले काही आठवडे, मी तरी देणार नाही.