शाल, श्रीफळ आणि नोंदणी शुल्क

परत तोच फोन! 'अभिनंदन मॅडम, आपल्या कवितासंग्रहाची राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झालीय. फक्त नोंदणी शुल्क तेवढं भरा.' संग्रह वाचलात का, विचारलं तर पलीकडे शांतता. मग, 'पेपरात फोटो येतो हो!' मैत्रिणीने भरले पैसे. घाऊक शाली वाटल्या, आणि तिच्या सन्मानचिन्हावरचा स्टिकर निघाला तर खाली भलत्याच कोणाचं नाव! आमच्या याच पुण्यात २०२२ साली परीक्षकांनी महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचा पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नव्हता. केवढा गदारोळ झाला! पण त्यांनी निदान एकांकिका पाहिल्या तरी होत्या. इथे यूपीआय झालं की कवी थोर. वर टाळ्यांसाठी घरची माणसंही आपणच न्यायची.