अंगावर पित्त उठलं नाही, तरी ॲलर्जी असू शकते

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी तीन गिऱ्हाइकांनी मला मोबाइलवर तोच मेसेज दाखवला: "रोज ॲलर्जीची गोळी घेणाऱ्यांनी खाण्याला घाबरू नये. गोळी चालू असली की ॲलर्जी होतच नाही. अंगावर पित्त उठलं नाही म्हणजे ॲलर्जी नाही. त्रास झालाच तर अजून एक गोळी घ्यावी. टेस्ट निगेटिव्ह आली की सगळं खायला मोकळे."

सांगलीत वीस वर्षं माझं औषधाचं दुकान आहे. सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन या ॲलर्जीच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा महिन्याच्या हिशोबानं नेणारी कितीतरी माणसं माझ्याकडे येतात. कुणी मार्केट यार्डात हळदीच्या धुरळ्यात काम करतं, कुणाचं नाक सकाळी उठल्यापासून वाहतं. ही माणसं मेसेजवर विश्वास ठेवतील, म्हणून एकेक वाक्य घेतो.

गोळी चालू असली की ॲलर्जी होतच नाही, हे पहिलं. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याच्या पोटात शेंगदाणा गेला की शरीरातल्या मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जी घडवून आणणाऱ्या पेशी, रसायनं बाहेर टाकतात. त्यात हिस्टामिन असतं, पण एकटं नसतं. ल्युकोट्रायीन असतात, प्लेटलेट ॲक्टिव्हेटिंग फॅक्टर असतो. श्वासनलिका आवळायला आणि रक्तदाब पाडायला यांचाही हात असतो. गोळी फक्त हिस्टामिन जिथे जाऊन चिकटतं ती जागा अडवते. खाज, शिंका, गांधी यांना तेवढं पुरतं. बाकीच्या रसायनांवर तिचं काही चालत नाही, आणि पेशींना तर ती थांबवतच नाही.

अंगावर पित्त उठलं नाही म्हणजे ॲलर्जी नाही, हे दुसरं वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण त्याचा अनुभव आमच्या घरानं घेतलाय.

माझा भाचा अकरावीत आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी लहानपणापासून, आणि धुळीच्या त्रासासाठी रोज रात्री लिव्होसेट्रिझिन. एका वास्तुशांतीच्या जेवणात त्यानं भरलं वांगं बाजूला सारलं, चटणीला हात लावला नाही, भडंगाच्या ताटलीकडे बघितलंही नाही. काकडीची कोशिंबीर मात्र खाल्ली. कूट इतकं बारीक होतं की दह्यात दिसलंच नाही. दहा मिनिटांत त्याच्या पोटात कळ आली, मग उलटी. ताईनं त्याची बाही वर करून हात बघितले, पाठ बघितली. कातडी स्वच्छ. "पित्त झालंय, उपाशी होता सकाळपासून," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना पटलं. आपल्याकडे पित्त शब्दाचा हाच घोळ आहे. अंगावर उठतं तेही पित्त, आमसुलाचं पाणी लावायचं; आणि उलटीत पडतं तेही पित्तच. एक दिसलं नाही, म्हणून दुसरं ठरवून टाकलं.

तो सारखा घसा खाकरत होता. मग म्हणाला, "मामा, घशात काहीतरी अडकल्यासारखं होतंय." आवाज घोगरा झाला होता. तेव्हा मी गाडी काढली.

दवाखान्यात मांडीत ॲड्रेनलीनचं इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत त्याचा श्वास मोकळा झाला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की रोजच्या गोळीनं गांधी आणि खाज झाकली गेली असावी. गोळी न घेणाऱ्यांतही ॲनाफिलॅक्सिसच्या, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीच्या, शंभरातल्या दहा ते वीस रुग्णांच्या कातडीवर काहीच दिसत नाही.

मग बघायचं काय? ॲलर्जी असलेल्या माणसाच्या खाण्यात चुकून तो पदार्थ गेला आणि काही मिनिटांपासून दोनेक तासांत घोगरा आवाज, थांबत नसलेला खोकला, छातीत घरघर, गिळायला त्रास, जीभ जड होणं, चक्कर, अंग गार पडणं यातलं काहीही सुरू झालं, तर अंगावर पुरळ शोधत बसू नका. उलट्या किंवा पोटातली कळ थांबत नसेल तर तेही त्यातच धरा. लहान मूल नीट सांगू शकत नाही. ते एकदम गप्प होतं, आईला चिकटतं, लाळ गळते, मान टाकतं.

त्रास झाला तर अजून एक गोळी, हे तिसरं. गोळीचा पुरता परिणाम व्हायला साधारण तास लागतो. अन्नाच्या ॲलर्जीत अर्ध्या तासातही परिस्थिती हाताबाहेर जाऊ शकते. शिवाय ॲव्हिलसारख्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, मग माणूस गोळीनं पेंगतोय की रक्तदाब पडल्यानं, हेच कळेनासं होतं. इथे पहिलं औषध ॲड्रेनलीनच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. परदेशात मिळणारं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे १०८ ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, सिव्हिलला न्या, आणि दारातच सांगा: "खाण्यातून ॲलर्जी झाली आहे, रोज ॲलर्जीची गोळी चालू आहे." तोवर रुग्णाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. धाप लागत असेल तर बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. उठवून चालवू मात्र नका.

टेस्टचं थोडक्यात. कातडीवर टोचून करायची चाचणी गोळी चालू असताना केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टर काही दिवस आधी, बहुधा आठवडाभर, गोळी बंद करायला सांगतात. रक्तातल्या आयजीई, म्हणजे ॲलर्जीची प्रतिपिंडं मोजणाऱ्या, चाचणीला गोळीनं फरक पडत नाही. कुठली चाचणी झाली आणि तेव्हा गोळी चालू होती का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय निगेटिव्हवर विसंबून शेंगदाणा तोंडात टाकू नका.

हे वाचून कुणी रोजची गोळी स्वतःहून बंद करू नये. नाकासाठी, खाजेसाठी ती चांगलं काम करते.

भाच्याला त्या रात्री दवाखान्यातच ठेवलं, कारण बरं वाटल्यावर काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते. आता त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात एक चिठ्ठी असते, ताईच्या अक्षरात: "शेंगदाणा चालत नाही. रोज लिव्होसेट्रिझिन चालू. उलटी, खोकला, चक्कर आली तर पुरळ नसलं तरी ॲड्रेनलीन द्या." खाली तिचा आणि माझा नंबर.