क्वेबेकमध्ये इंग्रजी बोललं की दंड? त्या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा

गेले काही आठवडे मराठी ग्रुपांवर 'क्वेबेककडून शिका' या मथळ्याचा एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्यातले दावे असे: कॅनडाच्या या फ्रेंचबहुल प्रांतात इंग्रजी बोललं की दंड होतो. इंग्रजी शाळा बंद करून टाकल्या. दवाखान्यात इंग्रजीतून बोललं तर डॉक्टर तपासत नाहीत. पाट्यांवर इंग्रजी अक्षर दिसत नाही. उरलेसुरले इंग्रजी भाषक म्हणजे गर्भश्रीमंत साहेबांची पिढी, आणि त्यांच्या संस्था सरकारी पैशावर चहापार्ट्या करतात. शेवटी ठळक अक्षरांत, 'महाराष्ट्रात हेच करा'.

इतके दिवस दुर्लक्ष केलं. पण आता हा मजकूर माझ्या भाचीपर्यंत पोचलाय. ती क्वेबेकमधल्या शेरब्रुकला शिकायला निघाली आहे आणि तिचा पहिला प्रश्न होता, तिकडे आजारी पडले तर मला तपासतील ना? एका विशीतल्या मुलीच्या मनात ही भीती घालणारा मजकूर 'माहितीसाठी' म्हणून पुढे ढकलणाऱ्यांचा मला खरोखर राग आलाय. म्हणून दवाखान्यापासूनच सुरुवात.

क्वेबेकचा भाषेचा कडक कायदा, १०१ क्रमांकाचा, १९७७ सालचा. इंग्रजी भाषकांना आरोग्यसेवा आणि समाजसेवा इंग्रजीतून मिळण्याचा हक्क आरोग्याच्या कायद्यात आला तो १९८६ साली, म्हणजे भाषेच्या कायद्यानंतर नऊ वर्षांनी. तो कुठल्या जुन्या राजवटीचा उरलेला अवशेष नाही. भाषेचा कायदा आणखी कडक करणारा ९६ क्रमांकाचा कायदा २०२२ मध्ये झाला, त्याने हा हक्क काढला नाही. २०२३ मध्ये सगळी सरकारी आरोग्यसेवा 'सांते क्वेबेक' या एका यंत्रणेखाली आणणारा कायदा झाला, त्यातही तो कायम आहे. मॉन्ट्रियलचं ज्यूइश जनरल किंवा मॅकगिल विद्यापीठाचं रुग्णालय अशा काही संस्थांवर तर सगळ्या सेवा इंग्रजीतून देण्याची जबाबदारीच आहे. बाकीच्या ठिकाणी हक्काला अट आहे: उपलब्ध माणसं आणि पैसा पाहून, कुठली सेवा कुठे इंग्रजीतून मिळेल याचा आराखडा करायचा आणि त्याप्रमाणे द्यायची. आराखडे कागदावर राहतात ही तक्रार खरी आहे. पण 'तपासत नाहीत' हे धादांत खोटं आहे.

अर्धसत्य कुठून आलं तेही सांगायला हवं. जुलै २०२४ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने एक परिपत्रक काढलं. ते वाचून असा समज होत होता की इंग्रजीतून सेवा हवी असेल तर इंग्रजी शाळेच्या पात्रतेचा दाखला दाखवावा लागेल. गदारोळ झाला. सप्टेंबरमध्ये ते बदलून नवं आलं आणि असा कुठलाही दाखला लागत नाही हे त्यात स्पष्ट लिहिलं. फॉरवर्डमध्ये जुलै आहे, सप्टेंबर नाही.

आता खरी अडचण कुठे येते ते बघा, कारण इंग्रजी भाषकांच्या प्रादेशिक संस्थांचं वर्षभराचं निम्मं काम तिथेच असतं. मॉन्ट्रियलबाहेर डॉक्टरला बहुधा कामापुरतं इंग्रजी येतं. अडतं ते डॉक्टरच्या आधी आणि नंतर: वेळ ठरवायचा फोन, काउंटर, संमतीपत्र, घरी सोडताना दिलेला सूचनांचा कागद, घरी येणारी नर्स. ऑपरेशन नीट होतं आणि मग फ्रेंचमधला सूचनांचा कागद न समजल्याने रक्त पातळ करणारी गोळी दोनदा घेतली जाते. म्हातारपणी हे आणखी अवघड होतं. आयुष्यभर कामापुरती फ्रेंच बोललेल्या माणसाला स्मृतिभ्रंश झाला की बऱ्याचदा मागाहून शिकलेली भाषा आधी जाते. कालपर्यंत फ्रेंचमध्ये उत्तर देणाऱ्या आजीबाई आज फक्त इंग्रजीत बोलतात आणि नोंद होते ती 'सहकार्य करत नाहीत' अशी.

यावर संस्था काय करतात? पहिलं, दुभाष्या. तो आरोग्य यंत्रणेमार्फत मिळू शकतो, पण वेळ ठरवतानाच मागायचा, त्या दिवशी काउंटरवर नाही. घरातल्या मुलाला किंवा नातवाला दुभाष्या करू नये. तो लाजेने अर्धं गाळतो किंवा घाबरून सौम्य करतो. दुसरं, दोन रकान्यांचं कार्ड. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे तेच फ्रेंचमध्ये: ॲलर्जी, चालू आजार, औषधांची नावं आणि मात्रा, झालेली ऑपरेशनं, दुखणं कसं आहे त्याचे शब्द (ठणका, जळजळ, कळ, बधिरपणा), घरच्यांचा नंबर. बोट ठेवून दाखवता येतं, बोलावं लागत नाही. हे कार्ड जुनं झालं की उपयोगाऐवजी घात करतं, म्हणून दर शरद ऋतूत, फ्लूच्या लशीच्या सुमाराला, ते नव्याने भरून घ्यायचं. तिसरं, तक्रार. प्रत्येक आरोग्य संस्थेत तक्रार आयुक्त असतो. तक्रार तोंडी किंवा लेखी करता येते, ४५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि समाधान झालं नाही तर प्रांताच्या लोकपालाकडे जाता येतं. तक्रारीत 'भाषेचा त्रास झाला' एवढंच लिहिलं तर काही होत नाही. तारीख, विभाग, काय मागितलं, काय उत्तर मिळालं आणि त्यामुळे उपचारात काय चुकलं, हे लिहावं लागतं. लोक रागाच्या भरात शेवटचा भाग विसरतात, आणि नेमका तोच वजनदार असतो.

आता ते 'गर्भश्रीमंत' प्रकरण. याला इतिहासात आधार आहे, नाकारत नाही. मॉन्ट्रियलच्या बँका, रेल्वे, कारखाने एके काळी इंग्रजी भाषकांच्या हातात होते आणि फ्रेंच कामगाराला त्याच्याच शहरात वरच्या जागेसाठी इंग्रजी बोलावं लागत होतं. १९७७ च्या कायद्यामागचा संताप खरा होता. पण प्रांत स्वतंत्र करू पाहणारा पक्ष जिंकला त्या १९७६ च्या निवडणुकीनंतरच्या पाच वर्षांत लाखाहून जास्त इंग्रजी भाषक प्रांत सोडून गेले. सन लाइफ या विमा कंपनीने आपलं मुख्यालय टोरांटोला नेण्याचं १९७८ मध्ये जाहीर केलं. ज्यांना जाणं परवडत होतं ते गेले. मागे राहिलेल्यांची आजची गोष्ट कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत आहे: इंग्रजी भाषक दहा लाखांहून जास्त, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण १३ टक्के, आणि त्यांच्यातली बेरोजगारी १०.९ टक्के. फ्रेंच भाषकांमध्ये तीच ६.९ टक्के. आणि 'हे फ्रेंच शिकतच नाहीत' म्हणणाऱ्यांसाठी: इंग्रजी मातृभाषा असलेल्या तिघांपैकी दोघांना फ्रेंच येतं.

मॉन्ट्रियल सोडून बाहेर पडा, मग चित्र आणखी स्पष्ट होतं. लोअर नॉर्थ शोअर या प्रांताच्या पूर्व टोकाच्या किनाऱ्यावर १३८ क्रमांकाचा हमरस्ता केगास्का गावात संपतो. पुढची हॅरिंग्टन हार्बरसारखी इंग्रजी भाषक कोळ्यांची गावं आठवड्याला येणाऱ्या 'बेला देगान्ये' जहाजावर, विमानावर आणि हिवाळ्यात बर्फावरच्या स्नोमोबाइलवर जगतात. १९९० च्या दशकात कॉड मासेमारीवर बंदी आली आणि या गावांची कंबर मोडली. विशेषज्ञाकडे जायचं तर विमानाने सेत-ईल किंवा क्वेबेक सिटी. गास्पे द्वीपकल्पातल्या न्यू कार्लाइल गावात हेच वेगळ्या रूपात: तरुण ओंटॅरिओला गेले, म्हातारे राहिले. १०१ चा कायदा आणणाऱ्या सरकारचे प्रमुख रेने लेव्हेक याच इंग्रजीबहुल गावात वाढले. ही श्रीमंतांची वस्ती नाही.

या लोकांसाठी काम करणाऱ्या संस्था कोणत्या? गास्पेत १९७५ पासूनची 'कासा', ईस्टर्न टाउनशिप्समध्ये १९७९ पासूनची टाउनशिपर्स असोसिएशन, क्वेबेक सिटीत 'व्हॉइस ऑफ इंग्लिश-स्पीकिंग क्वेबेक', उत्तर किनाऱ्यावर कोस्टर्स असोसिएशन. यांचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं, कारण संघ सरकारचं अनुदान तसं चालतं. पैसा बहुतांशी एकेका प्रकल्पाचा. नव्या वर्षाची मंजुरी उशिरा आली की मधले महिने पगाराला पैसे नसतात आणि दोन भाषा येणारी चांगली माणसं पेन्शनची सरकारी नोकरी धरतात. मग नव्या माणसाला पहिल्यापासून शिकवा, आणि ज्या आजीबाईंचा विश्वास जुन्या माणसावर होता त्यांना पुन्हा तयार करा. या कामाचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

चहापार्टीचा आरोप करणाऱ्यांनी मार्च-एप्रिलमधलं करविवरणाचं शिबिर एकदा डोळ्यांसमोर आणावं. क्वेबेकमध्ये प्रत्येकाला दोन विवरणं भरावी लागतात, एक संघ सरकारचं, एक प्रांताचं. मुदत ३० एप्रिल. कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्या माणसाला कर शून्य असतो, म्हणून तो म्हणतो, भरायचं कशाला? पण विवरण भरलं नाही तर गरीब ज्येष्ठांना मिळणारी उत्पन्नाची पुरवणी जुलैपासून थांबू शकते. भाड्याने राहणाऱ्याला घरमालकाकडून फेब्रुवारीअखेर 'रेलेव्हे ३१' नावाची पावती मिळायला हवी. ती नसेल किंवा प्रांताच्या विवरणाला 'डी' परिशिष्ट जोडलं नसेल तर सॉलिडॅरिटी क्रेडिट या कमी उत्पन्नवाल्यांना प्रांताकडून मिळणाऱ्या मदतीतला घराचा भाग जातो. पावती फ्रेंचमध्ये येते, जाहिरात समजून कचऱ्यात जाते. स्वयंसेवक टेबलाशी बसून हेच शोधतात: पावती आहे का, घराचा नंबर बरोबर आहे का, बँकेचा तपशील जुना तर नाही. हेच काम झालं नाही तर एकट्या राहणाऱ्या बाईचा महिन्याचा किराणा अडतो. यात चहा मिळतो, हो. टेबलावर थर्मास असतो.

शाळा बंद केल्या? नऊ इंग्रजी शाळा मंडळं चालू आहेत, साधारण लाखभर मुलं शिकतायत. १९७० च्या सुमारास हा आकडा अडीच लाखांच्या आसपास होता, म्हणजे मोठी घसरण आहे, बंदी नाही. प्रवेश मात्र मर्यादित आहे: आई किंवा वडील कॅनडाचे नागरिक हवेत आणि दोघांपैकी एकाचं प्राथमिक शिक्षण मुख्यतः कॅनडात इंग्रजीतून झालेलं हवं. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलात त्याचा इथे उपयोग नाही, हे आपल्याकडच्या बऱ्याच पालकांना तिथे पोचल्यावर कळतं. तात्पुरत्या परवान्यावर असलेल्यांच्या मुलांना तीन वर्षांची सवलत मिळू शकते, ती वाढवून मिळत नाही. जे पात्र आहेत त्यांना संस्था एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: मूल फ्रेंच शाळेत घाला हवं तर, पण पात्रतेचा दाखला आत्ता काढून ठेवा. मुलाचा आईवडिलांच्या नावांसह जन्मदाखला आणि पालकाच्या जुन्या शाळेचं पत्र लागतं. शाळा बंद पडून कागद दुसऱ्या मंडळाकडे गेले असतील तर ते पत्र मिळायला महिने लागतात, आणि दाखल्यावर पुढच्या पिढीचाही हक्क अवलंबून असतो.

बोलण्याचा दंड: नाही. दंड आहे तो कायद्याचा भंग सिद्ध झाला तर, माणसाला ७०० ते ७,००० डॉलर, कंपनीला ३,००० ते ३०,०००, आणि तो पाट्या, करार, कामाच्या ठिकाणची भाषा अशा बाबींसाठी. दुकानात 'बाँजूर-हाय' या फ्रेंच-इंग्रजी जोड नमस्काराऐवजी नुसतं 'बाँजूर' म्हणावं असं आवाहन करणारा ठराव विधानसभेत २०१७ मध्ये झाला, पण तो ठरावच होता, कायदा नव्हे. पाट्यांवर १९९३ पासून इंग्रजी चालतं, फ्रेंच ठळकपणे मोठी हवी एवढंच. एक मुद्दा मात्र खरा, आणि तो मान्य करायला मला आवडत नाही: नव्याने आलेल्या स्थलांतरिताशी सहा महिन्यांनंतर सरकारी कार्यालयांनी फ्रेंचमध्येच व्यवहार करायचा असा नियम २०२३ पासून आहे. आरोग्य आणि सुरक्षितता यांना त्यातून सूट आहे. सहा महिने फार कमी आहेत, हे माझं स्पष्ट मत.

राहिला 'महाराष्ट्रात हेच करा'. दुकानांवर मराठी पाटी हवीच. २०२२ ची दुरुस्ती आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेली दोन महिन्यांची मुदत या दोन्हींच्या बाजूने मी आहे. पण क्वेबेकचं नाव घ्यायचं तर १०१ च्या कायद्याची प्रस्तावनाही वाचा. इंग्रजी भाषक समाजाच्या संस्थांचा आदर राखून हे करू, असं त्यात लिहिलंय. आणि बेळगाव-खानापूरच्या मराठी माणसासाठी आपण काय मागतो? भाषिक अल्पसंख्याकांसाठी स्थानिक लोकसंख्येच्या १५ टक्क्यांचा निकष आहे, त्यानुसार सरकारी कागद मराठीत द्या. न्यू कार्लाइलची आजीबाई तिच्या सूचनांच्या कागदासाठी तेच मागते आहे. एक मागणी रास्त आणि दुसरी चहापार्टी, असं कसं?

भाचीसाठी आणि तिच्यासारख्या निघालेल्यांसाठी: भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्याला प्रांताचा आरोग्यविमा मिळत नाही, विद्यापीठाचा विमा घ्यावा लागतो. त्याचं कार्ड पहिल्या आठवड्यात हातात घ्या. तातडीचं नसेल तर ८११ या आरोग्यसल्ल्याच्या क्रमांकाला फोन करा, इंग्रजीतून बोलता येतं. फ्रेंचचे फुकट वर्ग 'फ्रान्सिझासिओं क्वेबेक'कडे आहेत, तुमच्या परवान्यावर बसतात का ते बघून नाव लगेच नोंदवा. आणि ते दोन रकान्यांचं कार्ड निघण्याआधीच भरा. त्यात औषधाचं बाजारातलं नाव नको, मूळ नाव लिहा. आपली क्रोसिन तिथे कुणाला कळणार नाही आणि पॅरासिटामॉल म्हटलं तरी काउंटरवरचा माणूस थबकेल. तिथे ते ॲसिटामिनोफेन.