मॉरिशसची राजभाषा मराठी? नाही हो!

‘भारताशी करार झाला, मॉरिशसमध्ये मराठी राजभाषा झाली, आता सगळा माल करमुक्त’ असा संदेश फिरतोय. राजभाषा आणि सगळा माल करमुक्त, या दोन्ही गोष्टी चुकीच्या. तिथल्या राज्यघटनेनुसार संसदेची भाषा इंग्रजी. सदस्याला फ्रेंचमध्येही बोलता येतं. मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकवतात, एवढंच.

करार मात्र खरा. 22 फेब्रुवारी 2021 ला सही झाली, 1 एप्रिलपासून लागू. आफ्रिकेतल्या देशाशी भारताचा हा पहिलाच व्यापार करार. पण सवलत ठरलेल्या यादीतल्या वस्तूंनाच, तीही मूळ देशाचा दाखला, म्हणजे माल त्याच देशात तयार झाल्याचं प्रमाणपत्र, असेल तर.

बाकी मॉरिशसचं महाराष्ट्राशी नातं सांगायला अफवेची गरजच नाही. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ नावाने अजून नाचली जाते.